बाबांच्या गाडीचं ॲव्हरेज

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सा. न. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं आणि मग आई हातातून फोन काढून घेते, म्हणून लिहितोय. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, एवढा माझा फायदा.

बातमी अशी की मी आता स्पेअर पार्टच्या दुकानातला नुसता काउंटरवरचा माणूस राहिलो नाही. पेट्रोल वाचवणाऱ्या चकतीची या भागातली विक्री माझ्याकडे आली आहे. चुंबकाचे दोन अर्धगोल तुकडे असतात. पेट्रोलच्या नळीवर दोन्ही बाजूंनी बसवायचे आणि स्क्रू आवळायचा, झालं काम. त्यातून जाताना पेट्रोलचे कण सुटे होतात आणि इंजिनात पूर्ण जळतात, असं माहितीपत्रकात छापलंय. डिझेललाही चालते.

पहिली चकती कुणाच्या गाडीवर बसवली असेल? बाबांच्या व्हॅनवर. वर्षभर त्या व्हॅनने वैताग आणलाय. शाळेची तीच मुलं, तोच रस्ता, पण टाकी पूर्वी आठवडाभर पुरायची, ती आता मध्येच तळाला जाते. मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलला, ढिम्म फरक नाही. वर ब्रेकचे लायनर वर्षात दुसऱ्यांदा गेले, क्लचचा जळका वास येतो, आणि डावा आरसा तर आपल्याच फाटकाला घासून तुटला. बाबा म्हणतात, फाटक वाकलंय. संध्याकाळची शिकवणीची मुलं न्यायचंही त्यांनी सोडून दिलं. ट्रॅफिक फार वाढलंय म्हणे.

तर चकती बसवली आणि महिना व्हायच्या आत लिटरमागे दोन किलोमीटर जास्त! मी स्वतः टाकी गळ्यापर्यंत भरून हिशेब केला. बाबांनीच मला हाक मारून काटा दाखवला आणि पाठीवर थाप मारली. बाबांनी, ताई! मला आधी वाटलं पाठीवर डास बसलाय.

आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांच्याच व्हॅनचा दाखला देतो. शाळेचे बाकीचे व्हॅनवाले, भाजीचे टेम्पोवाले, सगळे घेऊन चाललेत.

तुझ्याकडे काम एकच. तुमच्या डेपोत एवढ्या बस, सगळे नवे ड्रायव्हर तुझ्या हाताखालून जातात. मॅनेजरच्या कानावर घाल. भाऊ म्हणून नको, माल चांगला आहे म्हणून.

तुझा,
बारक्या

११ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि चहा गार झाला.

मॅनेजरच्या कानावर काही घालणार नाही, कारण ते कान आधीच पोळलेले आहेत. मागच्या वर्षी असाच एक जण आला होता. चकती नव्हती, डबी होती, इंजिनाला जोडायची. आमचा वर्कशॉपचा फोरमन महाबिलंदर. त्याने निम्म्या डब्या आतून रिकाम्या केल्या, पुन्हा बंद केल्या आणि कुठली कुठे बसवली ते कुणालाच सांगितलं नाही. महिनाअखेर बघतो तर सगळ्या बसचं ॲव्हरेज वाढलेलं, रिकाम्या डबीवाल्यांचंसुद्धा! आपल्यावर लक्ष आहे म्हटल्यावर ड्रायव्हर नीट चालवायला लागले होते. स्टॉपवर इंजिन बंद करत होते, पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडत होते, हवा तपासून घेत होते. नव्याची नवलाई संपली आणि सगळे मूळ पदावर आले.

पेट्रोल डबीत वाचत नाही रे, उजव्या पायात वाचतं. मी रोज हेच शिकवते. तू हे विकू नकोस असं म्हणत नाही, पण बाबांचं नाव घेऊन विकू नकोस.

आणि एक विचारायचंय. ब्रेकचे लायनर वर्षात दोनदा का गेले? बाबा तर गाडी अशी थांबवायचे की झोपलेलं मूल जागं व्हायचं नाही. त्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारून ये. कुठल्या गिअरमध्ये चालवतात, पाय कुठे असतो, ते बघ आणि मला लिही.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुझ्याकडून शाबासकी मिळेल अशी आशा नव्हतीच, पण रिकाम्या डब्यांची गोष्ट ऐकवशील असंही वाटलं नव्हतं. मी काहीही हातात घेतलं की तुला त्यात खोट दिसते. आकडा मी डोळ्यांनी पाहिलाय. एकदा नाही, तीनदा टाकी भरून.

तरी तुझ्या समाधानासाठी बसलो बाबांच्या शेजारी. आधी नकोच म्हणत होते. 'तू बसलास की मुलांची दप्तरं कुठे ठेवू?' मी म्हटलं, दप्तरं मांडीवर घेतो. मग मुलं यायच्या आधीच, पहिल्या थांब्यापर्यंत नेलं आणि तिथे उतरवलं. 'जा दुकानात, उशीर होईल.' तेवढ्यात जे दिसलं ते सांगतो. सगळा वेळ दुसरा गिअर. छाती जवळजवळ स्टिअरिंगला टेकलेली. डावा पाय क्लचवर, उजवा सारखा ब्रेकवर. चौकात मान अशी गरागरा फिरवत होते की मलाच गरगरलं.

आणि मला काय कळलं सांगू? ते माझ्यासाठी जपून चालवतायत. पोराच्या चकतीला अपयश येऊ नये म्हणून हा माणूस या वयात मुंगीच्या पावलाने गाडी हाकतोय. तुला यात लायनर दिसतील. मला बाप दिसला.

विक्री जोरात आहे. दुकानाचे मालक म्हणतात, असंच चाललं तर पुढच्या बाजूला माझ्यासाठी वेगळं काउंटर देतील.

बारक्या

२६ फेब्रुवारी

बारक्या,

रागावलास तरी चालेल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून चालवलेल्या गाडीचं ॲव्हरेज वाढत नाही. पडतं. चकती असो, नसो. तू सांगतोस तसं चालवत असतील तर पेट्रोल जास्त जाणं, लायनर झिजणं, क्लच जळणं, सगळं बरोबर जुळतं. जुळत नाही तो फक्त तुझा वाढलेला आकडा. तो कुठून आला मला माहीत नाही आणि आत्ता मला त्याच्याशी कर्तव्यही नाही.

माझ्याकडे दर वर्षी एखाद-दुसरा जुना ड्रायव्हर येतो, अचानक असा चालवायला लागलेला. पुढे झुकून, खालच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवरून न उचलता. संध्याकाळची ड्युटी टाळतो. डेपोच्या खांबाला आरसा घासतो आणि म्हणतो, खांब पुढे आलाय. अशा माणसाला मी गाडीवरून उतरवते आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते.

बाबांना बाजूचं दिसत नाहीये, बारक्या. मला जवळजवळ खात्री आहे. आणि त्यांच्या गाडीत मुलं असतात.

आईला फोन केला तर म्हणाली, सगळं छान चाललंय, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तिच्या आवाजावरून कळलं की तिलाही काहीतरी माहीत आहे. बाबांना फोन दे म्हटलं तर बाबा 'अंघोळीला गेले'. भर दुपारी.

इथे नवी तुकडी सुरू आहे, परीक्षा होईपर्यंत मला हलता येत नाही. माझं कशात चित्त नाही. काल एका शिकाऊ मुलाने उतारावर ब्रेक जरा उशिरा मारला तर मी एवढी किंचाळले की बिचारा गाडी बंद करून खालीच उतरला. पत्र मिळताच बाबांना तपासायला ने. मिळताच.

ताई

८ मार्च

बारक्या,

उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. दुकानात केला तर कुणीतरी म्हणालं, चकती बसवायला बाहेर गेलाय.

चकत्या राहू देत. मी चुकले असेन तर तसं लिही, मी हात जोडून माफी मागेन आणि मॅनेजरच्या कानावर तुझं नावही घालेन. चुकले नसेन तर अजून एकही दिवस घालवू नकोस. पेपरात कुठे शाळेच्या गाडीची बातमी दिसली की मी गावाचं नाव वाचायच्या आधी पान उलटते आणि मग पुन्हा मागे येऊन वाचते.

रविवारी मी निघते आहे. रजा मिळो न मिळो.

ताई

१२ मार्च

प्रिय ताई,

तू निघायच्या आत हे मिळावं म्हणून लगेच टाकतोय. सगळी मुलं सुखरूप आहेत. बाबाही. ते आधी लिहिलं, आता बाकीचं.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मी वाचलं आणि खिशात कोंबलं. खरं वाटलं म्हणूनच कोंबलं. दिवसभर दुकानात माणसाला सुटे पैसे द्यायचे विसरत होतो, स्क्रू उलटे फिरवत होतो. घरी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, 'डोळे एकदा दाखवून यायचे का?' ते ताटावरून उठले. 'तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतोय. मला डोळे शिकवू नकोस.' आई भिंतीकडे बघत बसली. मग मी गप्प झालो. मोठ्या ऑर्डरी येत होत्या, म्हणून अजूनच गप्प झालो. तुझ्या पुढच्या पत्राचा लिफाफा आला तो त्या दिवशी उघडायची हिंमत झाली नाही, पण हातात धरल्यावर दुकानात बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या थांब्यावर आधीच जाऊन उभा राहिलो आणि मुलांबरोबरच मागे चढलो. बाबांनी मागे वळून पाहिलंही नाही. खरं तर मी त्यांना दिसलोच नाही.

व्हॅन सुटली आणि मुलं ओरडायला लागली. मला वाटलं दंगा. तर डावीकडच्या बाकावरची मुलं, 'डावीकडून सायकल! डावीकडे आजोबा उभे!' उजवीकडची, 'स्कूटर येतेय, स्कूटर येतेय! उजवीकडे ट्रक!' बाबा प्रत्येक हाकेला म्हणत होते, 'शाब्बास, डावा संघ एक. उजवा संघ दोन.' दोन वेण्यांची एक चिमुरडी काचेला नाक लावून बसली होती. तिला विचारलं, 'हे काय चाललंय?' ती म्हणाली, 'काकांचा खेळ. आधी दिसेल त्याला गुण. हळू बोलू नका, मग काकांना कळत नाही.'

ताई, बाबा दोन बाकांवरच्या पोरांच्या डोळ्यांनी गाडी चालवत होते.

मोठ्या चौकापाशी डाव्या संघातली दोन मुलं डबा ओढण्यावरून भांडत होती. कुणीच ओरडलं नाही. डावीकडून एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्त्यात उतरली. मी ओरडलो, 'बाबा, डावीकडे!' त्यांनी ब्रेक दाबला. पोरं एकमेकांवर आदळली, दप्तरं खाली पडली. बाई जागीच थिजली होती. ढकलगाडी आणि बंपर यांच्या मध्ये हात जेमतेम गेला असता. बाबांना अजूनही काही दिसलेलं नव्हतं. ते मला विचारत होते, 'काय होतं? कुत्रं होतं का?'

मी पुढे गेलो. म्हटलं, 'बाबा, सरका.' ते शेजारच्या सीटवर सरकले आणि हात मांडीवर ठेवून बसले. मी मुलांना शाळेत सोडलं. पोरं उतरताना विचारत होती, आज कोण जिंकलं?

रिकाम्या व्हॅनमध्ये बाबा बोलले. अंदाजे दीड वर्षापासून कडेचं पुसत चाललंय. आधी आरसा, मग दाराची चौकट, मग माणसं. मी म्हटलं, 'मग सांगितलं का नाही?' म्हणाले, 'सांगून काय करू? घरी बसून काय करू?' मग मी आकड्याचं विचारलं. त्यावर मात्र मान खाली घातली. मी टाकी भरून गेलो की ते पंपावरून कॅनमध्ये पेट्रोल आणायचे आणि मला न कळू देता टाकीत ओतायचे. गाडी जास्त पितेय म्हटल्यावर मी पुन्हा मेकॅनिक आणला असता, कुणीतरी शेजारी बसून बघितलं असतं, म्हणून. 'आणि तुझंही जरा बरं चाललं होतं,' म्हणाले.

म्हणजे मी गावभर ज्याचा दाखला देत हिंडलो, ते बाबांच्या कॅनमधलं पेट्रोल होतं.

डॉक्टर म्हणतात काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. थेंब वेळेवर घातले तर समोरचं राहिलेलं टिकेल. गाडी बंद.

आता मी व्हॅन चालवतोय. पालकांना सांगितलंय की बाबांची कंबर धरलीय. एवढ्यावर निभावेल. तू ये, पण ओरडू नकोस.

बारक्या

१६ मार्च

प्रिय बारक्या,

पत्र मिळालं आणि मी कँटीनच्या मागे जाऊन रडून घेतलं, मग तोंड धुऊन वर्गावर गेले. ओरडणार नाही. गाडी तू थांबवलीस. मी इथे बसून नुसती पत्रं लिहिली.

सगळे सुखरूप आहेत कळलं म्हणून रविवारचं निघणं रद्द केलं. परीक्षा मंगळवारी संपते, मग येते. पण त्याच्या आधी एक गोष्ट व्हायला हवी. कंबर चालणार नाही. ज्यांनी आपली लेकरं सकाळी त्या गाडीत बसवली, त्यांना काय चाललं होतं ते कळायला हवं. पोरं आज ना उद्या घरी खेळाबद्दल बोलणार आहेत. ती बोलली नाहीत तरी कळायला हवं. तू किंवा मी सांगून उपयोग नाही. बाबांनीच सांगायला हवं, स्वतःच्या तोंडाने, शाळेच्या फाटकाशी उभं राहून. त्यांना हे पत्र वाचून दाखव. चिडतील. चिडू देत.

चकतीच्या गिऱ्हाइकांचं काय करायचं ते तू जाण. तुला ते मी सांगायची गरज नाही, हे या पत्रावरून कळलं.

आणि हो, व्हॅन चालवताना लाल सिग्नल दिसला की लांबूनच पाय काढ. मुलं असोत, नसोत.

ताई

२५ मार्च

प्रिय ताई,

तू येऊन गेलीस आणि बाबा दोन दिवस बोललेच नाहीत. काल सकाळी आपणहून शर्ट घातला, म्हणाले, चल. पुढचं ते स्वतः लिहिणार आहेत. मला लिहू नकोस म्हणाले.

माझं सांगतो. ज्यांना बाबांच्या व्हॅनचा दाखला देऊन चकती विकली त्या सगळ्यांकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं. दोघांनी आईमाई काढली. एकाने दारच उघडलं नाही. भाजीचा टेम्पोवाला मात्र चकती काढूच देईना. 'आकडा तुझ्या बापाचा खोटा असेल, माझा खरा आहे,' म्हणाला. 'बसवल्यापासून मी गाडी रेटत नाही, बायको शेजारी बसायला लागलीय.' मी खूप समजावलं. शेवटी चकती तिथेच ठेवून आलो.

मालकांनी काउंटर दिलं नाही हे उघड आहे. दुकानही सुटलं. सकाळ-दुपार व्हॅन, मधल्या वेळात काय करायचं ते कळत नाही. इंजिन बंद करून फाटकाशी उभा राहतो आणि पाय सारखा हलत राहतो.

बारक्या

२ एप्रिल

चि. ताई,

अक्षर मोठं काढलंय आणि ओळी वर चढल्या असतील. कागदाची कड दिसत नाही म्हणून.

शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. मुलांना आत जाऊ दिलं, मग पालकांना थांबवलं. म्हटलं, माझी कंबर ठीक आहे, डोळे गेलेत, आणि तरी मी तुमची मुलं घेऊन गाडी चालवत होतो. पुढे जे योजून ठेवलं होतं ते आठवलंच नाही. मग त्या दोन वेण्यांच्या मुलीची आई पुढे आली. ती रोज मला काका म्हणून, पोरीने डबा संपवला का ते बघायला सांगायची. ती म्हणाली, 'माझी पोर घरी येऊन सांगायची, आज मी काकांना पाच गुण मिळवून दिले. आणि मी तिला शाब्बास म्हणायचे.' तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. ती गेली. तिची मुलगी आता दुसऱ्या गाडीने जाते.

निम्मी मुलं गेली. निम्मी बारक्याकडे राहिली. मुख्याध्यापक बाईंनी त्याच्या शेजारी बसून फेरी मारली आणि मगच परवानगी दिली. चालवतो बरा. वळणावर घाई करतो.

सकाळी व्हॅनचा आवाज झाला की मी उठून उभा राहतो. अजून सवय जात नाही. व्हॅन फाटकातून बाहेर गेली की अंगणात फेऱ्या मारतो. तुझी आई म्हणते बसा. बसवत नाही. हाताला काही धरायला नसलं की बोटं आपोआप वळतात. थेंब वेळेवर घालतो, त्यात कसूर नाही.

डॉक्टरांना विचारलं, समोरचं किती दिवस? म्हणाले, जपलंत तर बरीच वर्षं, पण खात्री मागू नका. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. तुला गाडी मीच शिकवली, त्या मोकळ्या मैदानात. नंतर तू मोठ्या बस चालवायला लागलीस, बाकीच्यांना शिकवायला लागलीस, आणि मी कायम माझ्याच गाडीवर. तुला भर रस्त्यात बस चालवताना मी कधी पाहिलेलंच नाही.

ड्रायव्हरच्या मागे पहिली सीट असते, तिथून समोरची काच आणि तू, दोन्ही बरोबर मध्ये येतील. तेवढं मला अजून स्वच्छ दिसतं. तुझ्या मॅनेजरला विचार, एखादी फेरी तुला चालवायला देतील का. मी रीतसर तिकीट काढीन, मध्ये मध्ये सूचना करणार नाही.

फेरी सकाळची बघ. उशीर करू नकोस.

बाबा